दोन अफवा

गडचिंचले हे डहाणू तालुक्यातलं आदिवासी गाव, दादरा-नगर हवेलीच्या सीमेवरचं. जव्हार-मोखाड्यासारखीच विखुरलेली पाडे-वस्ती. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक तिथे अडवले गेले. पोलिसांच्या डोळ्यांदेखत जमावाने तिघांनाही ठार मारलं. मुलं पळवणारी, किडन्या काढणारी टोळी रात्री फिरते, ही अफवा त्या भागात काही दिवस पसरत होती. त्याच आठवड्यात कासा परिसरात एका डॉक्टरांच्या गाडीवरही हल्ला झाला होता.

मग दुसरी अफवा उठली. मारहाणीच्या व्हिडिओत ‘बस, ओये बस’ असं ओरडणं आहे. मोबाईलवर ते ‘बस, शोएब बस’ झालं आणि मारणारे मुसलमान ठरले. 22 एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांना सांगावं लागलं, की अटक झालेल्या 101 जणांत एकही मुसलमान नाही.

यादी वाचून आपल्या घरांत हायसं वाटलं, ते समजण्यासारखं आहे. तबलीगच्या नावाने तेव्हा काय काय चाललं होतं, ते कोण विसरेल? पण यादीत एखादं नाव आपल्यातलं असतं, तर साऱ्या बिरादरीने मान खाली घालायची होती का? गुन्हा करणाऱ्याचा असतो. आणि साधूंच्या घरच्यांचं दुःख त्या यादीने तसूभरही कमी झालं नाही.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबरीची तहकीक करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान होईल. आपल्या फॅमिली ग्रुपवर येणारे ‘मुलं पळवणारे आले’ हे मेसेजही त्यातच आले. गाव, तारीख, पोलीस ठाणं लिहिलेलं नसेल तर ते पुढे पाठवू नयेत. अनोळखी माणसाचा संशय आलाच, तर 112 ला फोन करावा.

सरकारची जबाबदारी वेगळी. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात, 17 तारखेला, तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, खोट्या बातम्या पसरवणाऱ्यांची माहिती आधीच काढा, कसूर करणाऱ्या पोलिसावर कारवाई करा. गडचिंचल्याच्या त्या रात्री हा आदेश जवळपास 21 महिने जुना झाला होता.