आधी नाव कोणाचं? पुण्याचा ‘बर्गर किंग’ खटला आणि आपल्या दुकानाची पाटी

ट्रेनिंगला येणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात, “सर, ट्रेडमार्क रजिस्टर केला की विषय संपला ना?” नाही. आणि उलटंही खरं आहे, रजिस्टर केलेला नाही म्हणून तुमचा हक्कच नाही असंही नाही. पुण्याची एक केस बघा, म्हणजे लक्षात येईल.

पुण्यात कॅम्प भागात 1992 च्या सुमारास ‘बर्गर किंग’ नावाचं हॉटेल सुरू झालं. अमेरिकेची ‘बर्गर किंग’ कंपनी 1954 पासूनची. भारतात तिने नावाची नोंदणी 1979 मध्येच करून ठेवली होती, पण पहिलं आउटलेट उघडलं नोव्हेंबर 2014 मध्ये, दिल्लीत. मधल्या काळात, 2011 साली, तिने पुण्याच्या हॉटेलवर दावा लावला. नाव वापरू नका आणि 20 लाख भरपाई द्या, अशी मागणी.

निकाल लागला 16 जुलै 2024 ला. तेरा वर्षं! पुण्याच्या जिल्हा कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला. पुणेकर इथे आधीपासून नाव वापरतायत, आणि त्यामुळे कंपनीचं गिऱ्हाईक फसलं याचा पुरावा नाही, असं कोर्टाचं म्हणणं. हॉटेलवाल्यांनीही उलट भरपाई मागितली होती. तीही मिळाली नाही, कारण तोंडी सांगण्यापलीकडे पुरावा नव्हता. दोन्ही बाजूंचं घोडं पुराव्यापाशीच अडलं, हे लिहून ठेवा.

आता गंमत बघा. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 34 मध्ये आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण आहे. पण अट अशी, की तुमचा वापर समोरच्याच्या नोंदणीच्या किंवा त्याच्या वापराच्या, यातलं जे आधीचं असेल त्याच्याही आधीचा हवा. इथे नोंदणी 1979 ची आणि हॉटेल 1992 चं. म्हणजे विषय दिसतो तितका सरळ नाही. कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. डिसेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. मग मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली.

तुम्ही म्हणाल, हा काय पोरखेळ? नाही हो. हे सगळे ‘तोपर्यंतचे’ हुकूम आहेत. अशा दाव्यात खरी लढाई बहुतेक वेळा या तात्पुरत्या मनाईचीच असते. कोर्ट तीन गोष्टी बघतं: वरवर पाहता केसमध्ये दम आहे का, मनाई दिली किंवा नाही दिली तर जास्त अडचण कोणाची, आणि नंतर पैशाने भरून न निघणारं नुकसान होतंय का. पाटी एकदा उतरवली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. त्यामुळे छोट्या दुकानदाराला शेवटच्या निकालापेक्षा हाच टप्पा जास्त लागतो.

आता आपल्या शिंगणापूरचं. इथे तेल, काळं कापड, पूजेचं ताट विकणाऱ्या कितीतरी दुकानांच्या नावात ‘शनि’ आहेच. ते नाव एकट्याचं करून शेजाऱ्याला नोटीस पाठवता येईल का? सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये अगरबत्तीच्या ‘रामायण’ या नावावर सांगितलं, की धर्मग्रंथाच्या नावावर असा कोणी एकट्याने हक्क सांगू शकत नाही. त्याला जोडून स्वतःचा वेगळा, ठळक शब्द असेल तर विचार होऊ शकतो. माझ्या मते देवाच्या नावालाही हेच धोरण लावा. गावात घरांना दारं नाहीत, पण ब्रँडला कुलूप लागतं, आणि ते लागतं तुमच्या स्वतःच्या शब्दाला.

जाहिरातीचंही थोडक्यात सांगतो. ‘आमचं सगळ्यात भारी’ असं म्हणायला हरकत नाही. ‘बाकीच्यांचं खराब’ म्हटलं की अडचण. अमूलने आइस्क्रीमच्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्टमधल्या वनस्पती तेलावर बोट ठेवलं, तेव्हा हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई हायकोर्टात गेली आणि 2017 मध्ये कोर्टाने ती जाहिरात थांबवली. नाव न घेता पूर्ण मालाचीच बदनामी केली तरी चालत नाही. व्हॉट्सअॅप स्टेटसवर शेजारच्या तेलाला ‘भेसळ’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

मग आजच काय करायचं? पाटीचा तारखेसह फोटो, पहिलं बिल, छपाईवाल्याची पावती, जुनी जाहिरात, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आधीपासूनचा वापर सिद्ध होतो तो यातूनच. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोध घ्या. ऑनलाइन अर्जाला एकट्या मालकाला एका वर्गासाठी 4,500 रुपये सरकारी फी आहे, आणि नोंदणी 10 वर्षं चालते. नोंदणी व्हायच्या आधी नावापुढे ‘टीएम’ लिहा, पण गोलातला ‘आर’ लावू नका. नोंदणी नसताना तो लावणं बेकायदेशीर आहे.