मोटारीची मागची सीट



मोटारीची मागची सीट घरच्या घरीं काढतां येते काय, असा प्रश्न पुष्कळ कुटुंबांतून विचारला जातो. उत्तर सोपें आहे. काढतां येते, आणि बहुतेक लहान गाड्यांत त्या कामाला तासाभराहून अधिक वेळ लागत नाहीं. परंतु हा प्रश्न विचारणारांचे दोन वर्ग असतात. एकाला सीट काढून गाडीचा तळ वाळवावयाचा असतो. दुसऱ्याला तेथें पोतीं भरावयाचीं असतात. पहिल्याच्या हातीं मी आनंदानें पाना देईन. दुसऱ्याला मात्र चार गोष्टी ऐकवल्यावांचून देणार नाहीं.

पहिल्याचें काम आधीं पाहूं. पावसाळ्यांत गाडींत ओले पाय येतात, छत्र्या येतात, दाराच्या रबरांतून पाणी झिरपतें. वरचें जाजम दोन दिवसांत कोरडें दिसूं लागतें, पण त्याच्या खालीं नमद्यासारखा जाड थर असतो, तो महिना महिना ओला राहतो. मग गाडींत कुबट वास येतो, आणि आपण अत्तराची बाटली आणून टांगतों. त्या वासाचें मूळ सीटखालीं असतें व गंजाचेंहि तेथेंच असतें. शिवाय मुलांनीं सांडलेले शेंगदाणे व बिस्किटांचा चुरा त्या फटींत जमतो. त्याला उंदीर येतात, आणि दाणे संपले कीं तारा कुरतडतात. भोरकडच्या पावसांत चार महिने काढलेल्या गाडीची सीट दसऱ्याच्या सुमारास एकदां काढून पाहावी, असें माझें मत आहे.

आतां रीत. गाडी सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, किल्ली खिशांत ठेवावी. काढण्यापूर्वीं चहूंबाजूंनीं फोनवर छायाचित्रें घ्यावींत. बसवितांना त्यांचा फार उपयोग होतो. सीटखालून किंवा पाठीच्या कडेनें तारा जात असतील, आणि त्यांचा जोड पिवळ्या रंगाचा असेल, तर ती तार एअरबॅगची किंवा पट्टा आंवळणाऱ्या यंत्राची समजावी. एअरबॅग फुगविण्यासाठीं आंत एक प्रकारची दारूच पेटते. तेव्हां अशा गाडीची सीट जाणत्या मिस्त्रीकडून काढवून घेणें उत्तम. घरींच काढावयाची असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून दहा मिनिटें थांबावें, कारण यंत्रांत विजेचा थोडा सांठा मागें राहतो. जोड सुटलेला असतांना किल्ली फिरवूं नये. फिरविल्यास समोरचा एअरबॅगचा दिवा लागून राहतो, व तो घालविण्यासाठीं गॅरेज गांठावें लागतें.

सीटचे दोन भाग असतात, बसण्याची गादी व टेकण्याची पाठ. गादी आधीं काढावी. तिच्या पुढच्या कडेखालीं दोन्ही बाजूंना बोटें घालून चाचपावें. कांहीं गाड्यांत तेथें क्लिपा असतात. एकेका बाजूस हात घालून सरळ वर झटका दिला कीं ‘खट्’ असा आवाज होऊन कड सुटते. कांहींत एकदोन बोल्ट असतात, ते दहा किंवा बारा नंबरच्या पान्यानें निघतात. पुढची कड मोकळी झाल्यावर मागच्या बाजूचे तारेचे आंकडे तेवढे राहतात. गादी पुढें ओढली म्हणजे बहुधा तेहि सुटतात. पट्ट्यांचीं बकलें फटींतून अलगद सोडवून घ्यावींत. येथें एक सांगतों. गादी निघत नसेल तर जोर वाढवूं नये. एखादा बोल्ट दिसावयाचा राहिला आहे असें समजावें व पुन्हा वांकून पाहावें. या कामांत जी मोडतोड होते ती बहुतेक घाईनें होते.

गादी निघाली कीं पाठीचे खालचे बोल्ट उघडे पडतात. ते काढून पाठ वर उचलली म्हणजे वरचे आंकडे सुटतात. पाठ दुमडणारी असेल तर आंकड्यांच्या जागीं बाजूच्या बिजागऱ्या असतात, व तिचे दोन तुकडे असल्यास मध्यें आणखी एक आधार असतो. पाठीला लोखंडी चौकट असते. तिच्या कडा हात कापतात व दाराचा रंग खरवडतात. म्हणून दोन माणसांनीं उचलावी, आणि दाराच्या उंबऱ्यावर जुनी चादर टाकावी.

पट्ट्यांचे बोल्ट मात्र गरज नसतां सोडूं नयेत. पुष्कळ गाड्यांत ते सात-षोडशांश इंच व्यासाचे, बारीक आट्यांचे असतात. दुकानांत सहज मिळणारा बारा मिलिमीटरचा बोल्ट त्यांच्या जागीं दडपून बसविला तर आटे जातात, आणि ज्या एका क्षणासाठीं तो पट्टा तेथें असतो त्या क्षणीं तो दगा देतो.

गादीखालीं पत्र्यावर वाटीएवढें गोल झांकण दिसलें तर त्याला हात लावूं नये. पुष्कळ लहान गाड्यांत पेट्रोलची टाकी याच जागेखालीं असते, व त्या झांकणाच्या आंत पंप असतो. पेट्रोलचा वास येत असेल तर काम तेथेंच थांबवावें. विडी, उदबत्ती, विजेवर चालणारा पंखा, यांपैकीं कांहींहि जवळ असूं नये.

जाजम उचलून खालचा थर दाबून पाहावा. पाणी निघालें तर फडक्यानें टिपावें, दारें उघडीं ठेवून दोनतीन दिवस वारा द्यावा. गादी सावलींत वाळवावी. कडक उन्हानें तिचें आवरण तडकतें. बसवितांना क्रम उलटा. प्रत्येक बोल्ट प्रथम हातानें दोनतीन आटे बसवावा, मग पाना लावावा. बकलें गादीवर आलीं आहेत ना, तें पाहावें. शेवटीं पाठीची वरची कड धरून अंगच्या जोरानें पुढें ओढून पाहावी. ती हलली किंवा खडखडली तर खटका बसलेला नाहीं.

आतां दुसऱ्या वर्गाकडे वळूं. आमचें कामथडी गांव पुणें-सातारा रस्त्यावर आहे. पुण्यांत राहणारीं इकडचीं कुटुंबें भात निघाला म्हणजे सुटीच्या दिवशीं गाडी घेऊन येतात. सीट निघते व ओसरीवर जाते. तिच्या जागीं तांदुळाचीं पोतीं पडतात. त्या पोत्यांवर मुलें बसतात, आणि मंडळी खेड-शिवापूर मागें टाकून कात्रजच्या बोगद्याकडे निघतात. मुलांना ती मोठी मौज वाटते. हें दृश्य मीं पुष्कळदां पाहिलें आहे, आणि गणिताचा मास्तर असल्यामुळें प्रत्येक वेळीं मनांत हिशेब केला आहे.

तो हिशेब असा. गाडी ताशीं ५० किलोमीटर वेगानें जात असतां कशावर तरी आदळली, आणि पुढचा भाग चेपत चेपत ७० सेंटिमीटर अंतरांत थांबली, असें धरा. गाडी थांबली तरी पोतें थांबत नाहीं. त्याला कोणीतरी थांबवावें लागतें. ३० किलोचें पोतें तेवढ्याच अंतरांत थांबवावयास जें बळ लागतें, तें सव्वाचारशें किलो वजनाच्या भाराएवढें भरतें. वेग ५० ऐवजीं ८० असेल तर त्याचें अडीच पट. तें बळ कोणी लावावयाचें? मागची पाठ जागेवर असेल तर ती लावते. ती ओसरीवर असेल तर पुढें बसलेल्यांच्या पाठी लावतात, आणि मध्यें मूल असेल तर मूल.

सीटची पाठ ही नुसती टेकण्याची वस्तु नव्हे, ती सामान व माणसें यांच्यामधली भिंत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियमांपैकीं १७ व्या नियमांत तिची परीक्षाच सांगितली आहे. पाठीमागें १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात, ५० किलोमीटर वेगाच्या धडकेसारखा धक्का देतात, आणि पाठ ठराविक मर्यादेपलीकडे पुढें सरतां कामा नये असा दंडक आहे. सामानाच्या जागेला आपण डिकी म्हणतों. गंमत अशी कीं, हा शब्द मुळांत जुन्या मोटारींच्या मागें उघडणाऱ्या एका बैठकीचा आहे. बैठकीचें नांव सामानाला गेलें तें गेलें, पण बैठकीची जागाहि सामानाला देऊं नये.

सीटबरोबर पट्टाहि निरुपयोगी होतो, हें त्याहून वाईट. पोत्यावर बसलेल्या मुलाला पट्टा लावणार तरी कसा? टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर अपघातांत दगावले. ते मोठ्या व भारी गाडींत मागें बसले होते, आणि पट्टा लावलेला नव्हता. त्याच वर्षीं २० नोव्हेंबरला आमच्याच रस्त्यावर, कात्रजच्या बोगद्यापुढच्या उतारावर नवले पुलाजवळ, एका अवजड वाहनाच्या धडकेनें कितीतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या. पोत्यांची गाडी त्याच उतारावरून पुण्यांत शिरते, आणि मागून कोण येत आहे हें आपल्या हातीं नसतें.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. गाडींत किती जणांनीं बसावयाचें, तें नोंदणीपुस्तकांत लिहिलेलें असतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें आहे कीं, नोंदींतील तपशील कारखान्यानें ठरविलेल्याहून निराळा होईल असा फेरफार मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. दारापुढें उभ्या गाडीची सीट धुण्यासाठीं काढली तर त्याला कोणी फेरफार म्हणेल असें मला वाटत नाहीं. सीट कायमची काढून गाडी रस्त्यावर फिरविणें ही गोष्ट निराळी. ज्याचा धंदाच मालाचा आहे त्यानें मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी घ्यावी. व्हॅनच्या जातीच्या तशा गाड्या कारखान्यांतूनच मिळतात.

घरच्या तांदुळापुरतें पाहावयाचें तर दोन खेपा कराव्या, अथवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मिळून एक टेंपो ठरवावा. डिकींत पोतें ठेवणें असेल तें उभें नको, आडवें, तळाशीं, पाठीला अगदीं चिकटवून ठेवावें. मध्यें वीतभर मोकळी जागा राहिली तर पोतें तेवढ्यांत वेग घेऊन आदळतें. हलकें सामान त्यावर, पण पाठीच्या उंचीहून वर नको. तळाशीं कड्या असतील तर दोरी त्यांतून ओढून बांधावी. आणि मागें कोणी बसणार नसेल त्या दिवशीं मोकळ्या सीटचे पट्टेहि बकलांत अडकवून ठेवावे. पाठीला तेवढाच अधिक आधार मिळतो.