वेल्ह्यात आज रात्रपाळीला कोण?

सरकारी दवाखान्यांसाठी मनुष्यबळ व्यवस्थापनाची संगणकप्रणाली घ्यायची म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे अंगठ्याचे यंत्र येते, नाहीतर हल्लीचे चेहरा ओळखणारे मोबाइल ॲप. डॉक्टर वेळेवर येत नाहीत, कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत. एकदा हजेरी पक्की केली की प्रश्न मिटला, असा त्यामागचा हिशेब असतो. तक्रार खरी आहे, हिशेब मात्र चुकतो. रात्री दोन वाजता बाळंतीण घेऊन येणाऱ्या कुटुंबाला एकच गोष्ट कळायला हवी असते: आत्ता इथे कोण आहे, आणि नसेल तर जवळात जवळ कुठे आहे? हजेरीचे यंत्र काल कोण आले होते ते सांगते. उद्या रात्री कोण असणार हे ड्युटी चार्ट सांगतो. सरकारी खरेदीत पहिल्याला दुसऱ्याचे नाव देऊन पैसे मोजले जातात आणि पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

हजेरी यंत्राचा अनुभव आपल्याकडे भरपूर जमा आहे, तो आधी पाहू. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील उपकेंद्रांवर सेवा मंदिर या संस्थेने शासनाच्या सहकार्याने आरोग्यसेविकांच्या हजेरीवर वेळ छापणाऱ्या यंत्रांनी देखरेख ठेवली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीचे महिने उपस्थिती चांगलीच वाढली, सोळा महिन्यांनंतर मात्र देखरेख असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. यंत्रे बिघडली म्हणून हे झाले असे नाही. वरिष्ठांनीच ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले. कर्नाटकात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बायोमेट्रिक यंत्रणा बसवून इक्बाल धालीवाल आणि रेमा हॅना यांनी अभ्यास केला. परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ यांची उपस्थिती वाढली, डॉक्टरांची हलली नाही; आणि जमा झालेल्या माहितीवरून कारवाई करायला प्रशासनच कचरत राहिले. रोजगार हमीच्या कामांवर छायाचित्राने हजेरी घेणारे एनएमएमएस ॲप २०२३ पासून सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांची छायाचित्रे चढवली जात आहेत. यंत्र नोंद करते. त्या नोंदीवर कोणी निर्णय घ्यायचा हे ठरलेले नसेल, तर ती पडून राहते.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत हा निर्णय घेणारा शोधणे सोपे नाही. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. बोलण्यात अजून वेल्हेच आहे. भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत राज्य शासनाकडे जातात. नसरापूर, पानशेत, पासली इथली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांखालची उपकेंद्रे जिल्हा परिषदेची, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. त्याच इमारतींत राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी बसतात, त्यांचा करार निराळ्या सोसायटीशी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका चालवते खासगी कंपनी. आशा तर कर्मचारीच नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो. एकाच बाळंतपणात या सगळ्यांचा हात लागतो, पण मस्टर वेगळे, रजा मंजूर करणारा वेगळा, पगाराचा मार्ग वेगळा. त्यामुळे ‘आपल्याकडे पगाराची सेवार्थ प्रणाली आहेच, पुन्हा नवे कशाला?’ हा आक्षेप अर्धाच बरोबर ठरतो. सेवार्थमध्ये राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचे पद आणि वेतन सापडते. शेजारच्या टेबलावरचा कंत्राटी तंत्रज्ञ आज रजेवर आहे की फिरतीवर, हे सापडायची सोय नाही. नवी प्रणाली घ्यायची तर तिने या सगळ्या मालकांची माणसे एकाच पानावर दाखवावीत. तेवढे जमत नसेल, तर खरेदीची घाई कशासाठी?

यावर येणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा: पदेच रिक्त असताना चार्ट कोणाचा काढायचा? आधी भरती करा, सॉफ्टवेअर नंतर. आक्षेप रास्त आहे, फक्त क्रम उलटा आहे. कोणत्याही ठिकाणी चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर आठ तासांच्या तीन पाळ्यांनी वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. एका कर्मचाऱ्याच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० दिवस अर्जित रजा आणि ८ दिवस किरकोळ रजा वजा केल्या, तर २७५ दिवस उरतात. म्हणजे एका खुर्चीमागे चार माणसे लागतात, तीही कोणी आजारी पडले नाही, प्रशिक्षणाला गेले नाही किंवा प्रसूती रजेवर नाही असे धरून. मग जिथे तीनच पदे मंजूर आहेत तिथे तिन्ही भरली तरी रात्रीची खुर्ची अधूनमधून रिकामी राहणार. त्याला गैरहजेरी म्हणणे हा अन्यायच. हे गणित कोणाही कारकुनाला कागदावर करता येते, पण प्रत्येक केंद्रासाठी दर महिन्याला ते मांडून वर पाठवले जात नाही, म्हणून ‘पदे भरली’ या दोन शब्दांवर बैठक संपते. त्यात प्रतिनियुक्तीची भर. माणूस मूळ पदावर दाखवलेला, काम करतो दुसऱ्याच तालुक्यात. हजेरीपटात पद भरलेले, दवाखान्यात खुर्ची रिकामी. मंजूर पद, प्रत्यक्ष माणूस आणि प्रत्यक्ष ठिकाण असे तीन रकाने शेजारी शेजारी दाखवणारी प्रणाली भरतीची मागणी पुराव्यानिशी करते. भरतीच्या आधी ती असणे म्हणूनच उपयोगाचे.

किती माणसे लागतात हे लोकसंख्येवरून ठरते, हाही एक पक्का समज. शासकीय निकष तसे आहेतच: सपाट भागात ३०,००० लोकांमागे आणि डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रासाठी अनुक्रमे ५,००० आणि ३,०००. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती आणि वेल्ह्याची साडेचोपन्न हजारांच्या आसपास. डोंगराळ निकषानेही वेल्ह्याच्या वाट्याला जेमतेम तीन केंद्रे येतात. पण पुणे-सातारा महामार्गावरचे नसरापूर आणि तोरण्याच्या पलीकडचे पासली यांच्या कामाची जातच वेगळी. एकीकडे अपघात आणि कामगारांची गर्दी, दुसरीकडे थोडे रुग्ण पण एकेका वाडीवर लसीकरणाला जायचे तर सेविकेचा अख्खा दिवस वाटेत. जागतिक आरोग्य संघटनेची कार्यभारावरून मनुष्यबळ ठरवण्याची ‘विस्न’ नावाची पद्धत नेमके हेच मोजते: वर्षभरात किती कामे, प्रत्येकाला किती वेळ, आणि माणसाकडे प्रत्यक्षात किती वेळ उपलब्ध. प्रवासाचा वेळ यात धरता येतो. निविदेच्या मसुद्यात मात्र ‘डॅशबोर्ड’ सापडतो, प्रवासाचा वेळ सापडत नाही. जे मागितलेच नाही ते कंपनीने का द्यावे?

इथे कोणी म्हणेल, भोर-वेल्हे कुठे सॉफ्टवेअर विकत घेतात? खरेच, तालुका काहीही विकत घेत नाही. खरेदी पुण्यात किंवा मुंबईत होते, तालुक्याला फक्त वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड मिळतो. म्हणूनच निविदेच्या अटींत वेल्हे असायला हवे. भाटघर, पानशेत, नीरा देवघर या धरणांच्या पाणलोटातल्या गावांत आणि वरंधा घाटाच्या बाजूला मोबाइलची रेंज कुठे मिळते, कुठे नाही. सतत जोडणी गृहीत धरणारे ॲप शहरात छान चालते आणि इथे सेविकेला गैरहजर ठरवते. नोंद फोनमध्येच वेळेसह साठावी, रेंज मिळाल्यावर आपोआप चढावी, आणि मासिक फिरती कार्यक्रम मंजूर असेल तर वाडीवरची सेविका ‘कामावर’च दिसावी, या मूलभूत गरजा आहेत. दिवसभर तिचा माग काढत राहणे ही गरज नाही. एकट्या फिरणाऱ्या बाईचे ठिकाण कोणाला, किती वेळ दिसणार, हे वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर तरी लिहूनच द्यायला हवे.

‘नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचीच निविदा घ्यावी लागते, दर्जा कुठून आणणार?’ हे वाक्य सरकारी कार्यालयांत ढालीसारखे वापरले जाते. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत दराचा लिफाफा उघडतो तो तांत्रिक लिफाफ्यात उत्तीर्ण झालेल्यांचाच. दर्जा पाहायची जागा म्हणजे तो पहिला लिफाफा, आणि तो रिकामा ठेवणे ही नियमाची सक्ती नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तर ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत दर्जाला महत्त्व असलेल्या खरेदीत दराव्यतिरिक्तच्या निकषांना ३० टक्क्यांपर्यंत भारांक द्यायची वाटही मोकळी केली. मग तांत्रिक चाचणी पंचतारांकित सभागृहातल्या सादरीकरणावर का घ्यावी? इच्छुक कंपन्यांनी पासलीच्या केंद्रात, तिथल्याच आरोग्य सहाय्यकाच्या फोनवर, एका आठवड्याचा खरा ड्युटी चार्ट लावून दाखवावा.

तयार प्रणाली आणून बसवली की झाले, या समजाची किंमत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने मोजली. तिथल्या आरोग्य खात्याची नवी वेतनप्रणाली मार्च २०१० मध्ये सुरू झाली आणि हजारो कर्मचाऱ्यांचे पगार चुकले. सुरुवातीचा करार सुमारे ६० लाख डॉलरचा होता. सगळे निस्तरण्याचा खर्च १.२ अब्ज डॉलरपर्यंत गेल्याचा अंदाज निघाला. भत्ते, पाळ्या आणि सेवाशर्ती मिळून वेतनाच्या सुमारे २४,००० तऱ्हा होत्या आणि त्या आधी नीट लिहूनच काढल्या नव्हत्या. आपल्याकडे नियमित, कंत्राटी, बंधपत्रित आणि मोबदल्यावरचे असे चार प्रकार एका छताखाली आहेत. रात्रपाळीनंतर सुटी कोणाला, बदली माणूस पाठवण्याचा अधिकार कोणाला, दोन खात्यांच्या वादात शब्द कोणाचा, याचे दहा पानी टिपण आधी जिल्ह्याने स्वतः करायचे आहे. ते कंपनी करून देत नाही. इंग्लंडमध्ये लॉर्ड कार्टर यांच्या २०१६ च्या अहवालाने रुग्णालयांना पाळ्यांचे वेळापत्रक सहा आठवडे आधी जाहीर करायला सांगितले. ही शिस्त कागदावरही पाळता येते, आणि ती कागदावर जमली की संगणकावर नेणे सोपे.

शेवटचा समज सरकारी मालकीचा: पैसे सरकारने दिले म्हणजे माहिती सरकारची. जुलै २०२२ मध्ये कंपनी आणि शासन यांच्यातल्या वादामुळे पुण्याच्या ससूनसह वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांतली एचएमआयएस ही रुग्णालय व्यवस्थापनाची प्रणाली बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. भोर-वेल्ह्याचे गंभीर रुग्ण ज्या ससूनला पाठवले जातात तिथलीच ही गोष्ट. मनुष्यबळाच्या प्रणालीत तर सेवापुस्तक, रजेचा हिशेब, कंत्राटाच्या मुदती अडकतात. त्यामुळे सर्व माहितीची प्रत दर महिन्याला, कोणत्याही प्रणालीत उघडता येईल अशा स्वरूपात, जिल्हा कार्यालयाकडे जमा झाली पाहिजे, आणि त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर चार्ट उभा करून दाखवण्याची तालीम पहिल्याच वर्षी झाली पाहिजे, तिचा खर्च निविदेतच धरून.