शंभरातले चार: 'टेन्शन' घेऊन दवाखान्यापर्यंत पोचतं कोण?

मागच्या दिवाळीत दिग्रसला घरी गेले होते. शेजारचे काका भेटायला आले. सोयाबीन घरात आलं होतं, पण भाव नव्हता. चहा पिता पिता म्हणाले, "झोपच नाही लागत पोरी, दोन महिने झाले. डोकं नुसतं भणभणते." दोन दवाखाने झाले होते. एकीकडे सलाईन लावलं, दुसरीकडे ताकदीच्या गोळ्या दिल्या. झोप का लागत नाही, मनात काय चालतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी हळूच म्हटलं, "काका, मनाच्या डॉक्टरांना दाखवू या का?" काका हसले. "मी का पागल आहो का?"

माझा विषय सार्वजनिक आरोग्य. काकांच्या या एका वाक्याला आमच्या क्षेत्रात एक आकडा आहे, तो आज समजावून सांगते.

उपचारांची दरी म्हणजे काय?

समजा शंभर माणसांना नैराश्याचा आजार आहे. त्यातले किती जण त्यासाठी उपचार घेतात? उरलेले जितके, तितकी दरी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याची ही दरी सुमारे ८५ टक्के निघाली. शंभरातले पंचाऐंशी जण उपचारांविना.

आपण लगेच म्हणतो, डॉक्टर कमी आहेत. ते खरंच आहे. दिग्रसहून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सत्तरेक किलोमीटर. जाण्यायेण्यात दिवस जातो, मजुरी बुडते. पण डॉक्टर उद्या गावात येऊन बसले, तरी काका जातील का? दरीला दोन काठ आहेत. एका काठावर सेवा नाही. दुसऱ्या काठावर माणसाला वाटतच नाही की याला आजार म्हणतात आणि यावर मदत मिळते.

अमरावतीच्या ३० गावांत काय झालं?

आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात आला. त्यांनी दोन्ही काठांवर काम केलं. गावात छोट्या बैठका घेऊन ताण, झोप, दारू यांवर साध्या भाषेत बोलणं सुरू केलं. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना त्रास ओळखायला शिकवलं. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी लोकांचं ऐकून घेतलं. ज्यांना गरज होती, त्यांनाच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक त्यासाठी कुणाकडे तरी मदत मागायला गेले होते. दीड वर्षानंतर २७.२ टक्के. म्हणजे शंभरातले चार होते, ते सत्तावीस झाले. सहापट!

पण थांबा, आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ही आधी आणि नंतरची तुलना आहे. कार्यक्रम नसलेली गावं शेजारी ठेवून तुलना केलेली नाही. त्यामुळे सगळी वाढ कार्यक्रमामुळेच झाली, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुसरी, सत्तावीस आले म्हणजे त्र्याहत्तर अजून घरीच आहेत. तरीही मला यातलं एक फार मोलाचं वाटतं: कुणीतरी दारात येऊन विचारलं, तर माणसं बोलतात.

मग आपल्याकडे काय आहे?

राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. यवतमाळ त्यात आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची, त्रास दिसला तर पुढे पाठवायचं, ही त्याची कल्पना. म्हणजे विश्रामसारखंच दारात जाणं.

इथे एक गोष्ट मला फार टोचते. शेतकरी गेल्यावर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी जमीन, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, परतफेडीचा तगादा, हे सगळं कागदांवर दाखवावं लागतं. मग प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं. माणूस जिवंत असताना मिळणाऱ्या मदतीला मात्र ना सातबारा लागतो, ना कर्जाचा दाखला. आणि नेमकी तीच मदत आपण मागत नाही.

म्हणून साध्या शब्दांत:

- १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.
- गावातल्या आशाताईंना सांगा. "झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही," एवढं म्हटलं तरी पुरे. आजाराचं नाव माहीत असायची गरज नाही.
- सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. डॉक्टरांना फक्त 'डोकं दुखतं' न सांगता, झोपेचं आणि मनाचंही सांगा.
- कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, १०८ वर फोन करा. पोलीस केस होईल म्हणून मदत लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानलं जातं, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि काका? 'मनाचे डॉक्टर' हे शब्द मी परत काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "झोपेसाठी एक फोन करून पाहू या." स्पीकरवर लावला. पहिली पाच मिनिटं मीच बोलले. मग काकांनी फोन हातात घेतला आणि अंगणात जाऊन बसले. अर्ध्या तासाने आले. काय बोलले ते मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ते यवतमाळला जाऊन आले, एवढं आईने कळवलं.

शंभरातले चार नाही, पाच म्हणू या.