सरण आणि शरणार्थी

मराठीत ‘शरण येणे’ म्हणजे हार पत्करणे. पालीतील ‘सरण’ शब्दाला हा अर्थ नाही. सरण म्हणजे रक्षण करणारे स्थान. आणि ‘गच्छामि’ हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे, तेथे जाणारा स्वतः चालत जातो. निर्वासितांकडे मात्र जग बहुधा मराठी अर्थानेच पाहते, असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील लोवेल या गिरणीशहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

ख्मेर रूज राजवटीतून (१९७५-७९) वाचलेले कंबोडियाचे बौद्ध प्रथम थायलंडच्या छावण्यांत आले. नालंदा येथे पालीचे अध्ययन केलेल्या भदंत महाघोसानंद यांनी तेथे त्यांना मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या. पुढे १९८० च्या दशकात त्यांपैकी हजारो लोक लोवेलमध्ये स्थिरावले. आयरिश, ग्रीक, फ्रेंच-कॅनेडियन मजुरांनी वसविलेले हे शहर. तरीही नवे लोक त्याला ओझे वाटले. १९८९ साली इंग्रजीलाच अधिकृत भाषा मानावे, असा कौल मतदारांनी मोठ्या बहुमताने दिला. तो बंधनकारक नव्हता, पण रोख कोणावर आहे हे स्पष्ट होते.

दृष्टी हळूहळू पालटली. ख्मेर दुकाने उघडली, १९९७ पासून मेरिमॅक नदीकाठी जलोत्सव भरू लागला. परंतु उत्सवाला येणारा शेजारी मतपेटीपाशी तसाच वागेल असे नाही. नगरपरिषदेच्या नऊही जागा संपूर्ण शहराच्या मतांनी भरल्या जात, त्यामुळे अल्पसंख्याकांचा उमेदवार क्वचितच निवडून येई. या पद्धतीतील अन्याय आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१७ साली आशियाई व लॅटिनो रहिवासी न्यायालयात गेले; २०१९ च्या तडजोडीने आठ प्रभाग व तीन सामाईक जागा ठरल्या. २०२१ ची निवडणूक त्याप्रमाणे झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये सोखारी चाउ महापौर झाले. त्यांच्या वडिलांची ख्मेर रूजने हत्या केली होती. आईने सात मुलांना जगविले होते. अमेरिकेतील ते पहिले कंबोडियन वंशाचे महापौर. लोकांची नजर बदलली म्हणून हे घडले, असे म्हणणे अपुरे आहे. आधी नियम बदलावा लागला, आणि तो शरणार्थ्यांनी स्वतः बदलवून घेतला.

दुसरी बाजूही आहे. २००२ च्या अमेरिका-कंबोडिया करारानंतर, गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्या कित्येक ख्मेर निर्वासितांना कंबोडियात धाडण्यात आले. त्यांतील काहींचा जन्म थायलंडच्या छावणीतला. ज्याला त्यांचा देश म्हटले गेले, तो त्यांनी त्यापूर्वी कधी पाहिलाच नव्हता.