रुमाल आणि फीत

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. अशा गाठोड्यास तेथे ‘रुमाल’ म्हणतात. भोरकडील हिरडस मावळ किंवा वेल्ह्याकडील गुंजण मावळ यांविषयीचा कागद हवा असल्यास आधी त्याचा रुमाल शोधावा लागतो. तो भलत्याच फळीवर ठेवला गेला, तर कागद शाबूत असूनही हाती लागत नाही.

आज अनेक मोठ्या संस्था आपली माहिती चुंबकीय फितींवर साठवितात. फीत चपट्या डबीत गुंडाळलेली असते; तिला कार्ट्रिज म्हणतात. ‘एलटीओ’ जातीच्या आठव्या पिढीतील डबी तळहाताएवढीच. पण तिच्यात ९६० मीटर फीत मावते. अशा शेकडो डब्या मोठ्या कपाटात ओळीने मांडतात. हवी ती डबी उचलून वाचनयंत्रात घालण्याचे काम यांत्रिक हात करतो. हा हात मोठा आज्ञाधारक. पण कारकुनाचे तारतम्य त्याला कोठून असणार?

मुलांनो, मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा छाटलेला तुम्ही पाहिला असेल. कार्ड उलटे बसू नये, म्हणूनच तो छाटलेला असतो. कार्ट्रिजच्या अंगावरही ह्याच हेतूने खाचा असतात. उलटी धरलेली डबी वाचनयंत्रात नीट शिरत नाही. अशा वेळी डबी काढून सुलटी करावी. जोर करून ती दामटली, तर अडकते आणि सारे काम खोळंबते.

डबी सुलटी, पण भलतीच असेल तर? त्यासाठी तिच्या दर्शनी कडेवर उभ्या रेषांची चिठ्ठी असते. तिच्यावरील आठ अक्षरांपैकी पहिली सहा डबीची ओळख सांगतात आणि शेवटची दोन तिची जात. चिठ्ठी ठरलेल्या जागीच लावावी लागते. अन्यत्र चिकटविलेला कागद यंत्रात सुटून अडकण्याचे भय असते. शिवाय फितीच्या आरंभीही नाव नोंदवून ठेवतात. संगणक लिहिण्यापूर्वी दोन्ही नावे ताडून पाहतो. ती जुळली नाहीत, तर थांबतो. हा खटाटोप उगीच नव्हे. चुकलेला रुमाल कधीतरी सापडतो. फितीवर मात्र नवे लिहिले की जुने पुसले जाते. म्हणून जपून ठेवावयाच्या डबीवरील लहानशी खिट्टी सरकवून लिहिण्याची वाटच बंद करतात.

कपाटाचे दार उघडून कोणी डब्या हाताने हलविल्या असतील, तर? दार लागताच यांत्रिक हात प्रत्येक कप्प्यापुढून फिरतो, चिठ्ठ्या वाचतो आणि कोणती डबी कोठे आहे याची यादी पुन्हा तयार करतो.