सर्वोत्तम की सर्वांत वाईट? : ‘येस’ या ब्रिटिश बँडच्या ध्वनिमुद्रिकांविषयीचा वाद आणि चार शास्त्रांची एक तळटीप

प्रस्तावना

एखाद्या कलावंताच्या कृतींची प्रतवारी लावणे हा रसिकांचा जुना छंद आहे. समीक्षेच्या शिस्तीत त्याला मानाचे स्थान नाही. ‘सर्वोत्तम कोणते आणि सर्वांत वाईट कोणते’ हा प्रश्न गप्पांच्या बैठकीचा मानला जातो. तथापि एकाच समूहाच्या चाहत्यांमध्ये हा वाद पन्नास वर्षे चालत राहिला, आणि एकच कृती काहींच्या यादीत पहिली तर काहींच्या यादीत शेवटची ठरत राहिली, तर तो केवळ आवडीनिवडीचा मामला राहत नाही. त्या वादामागे मूल्यमापनाच्या परस्परविरोधी कसोट्या दडलेल्या असतात. प्रस्तुत लेखात ‘येस’ या ब्रिटिश बँडच्या संदर्भात या कसोट्या तपासण्याचा प्रयत्न केला आहे. या वादाच्या केंद्रस्थानी असलेल्या ध्वनिमुद्रिकेची मांडणी श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चार भारतीय संज्ञांवर आधारलेली आहे. त्यामुळे मराठी अभ्यासकाला या वादात स्वतःचे असे काही सांगता येण्याजोगे आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉक आणि ध्वनिमुद्रिका हे एकक

१९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखला जाणारा प्रवाह उदयास आला. विद्युत गिटार, बेस आणि ड्रम्स ही रॉकची वाद्ये कायम ठेवून त्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीतातील दीर्घ रचनाबंधांची जोड देणे, मात्रांची गणिते बदलत ठेवणे आणि तीन-चार मिनिटांच्या गाण्याऐवजी संपूर्ण ध्वनिमुद्रिकेकडे एक सलग कृती म्हणून पाहणे, ही या प्रवाहाची ठळक वैशिष्ट्ये होत. यातील शेवटचे वैशिष्ट्य आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर साधारणपणे वीस मिनिटांचे संगीत मावत असे. कादंबरीकाराला प्रकरण जसे, तशी या संगीतकारांना ही ‘बाजू’ होती. म्हणूनच या प्रवाहाचे चाहते गाण्यांविषयी नव्हे, तर ध्वनिमुद्रिकांविषयी भांडतात.

‘येस’ची स्थापना १९६८ मध्ये लंडन येथे गायक जॉन अँडरसन आणि बेसवादक ख्रिस स्क्वायर यांच्या पुढाकाराने झाली. १९७० मध्ये गिटारवादक स्टीव्ह हाऊ आणि १९७१ मध्ये कीबोर्डवादक रिक वेकमन बँडमध्ये आले. ‘द येस अल्बम’ (१९७१) व ‘फ्रॅजाइल’ (१९७१) यांनी बँडला लौकिक मिळवून दिला आणि सप्टेंबर १९७२ मध्ये ‘क्लोज टू द एज’ प्रसिद्ध झाली.

जेथे एकमत आहे

‘क्लोज टू द एज’विषयी फारसा वाद नाही. तिच्यात तीनच रचना आहेत. पहिली, शीर्षकाची रचना सुमारे एकोणीस मिनिटांची असून ती तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. हेर्मान हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीची आणि तिच्यातील नदीच्या प्रतिमेची प्रेरणा या रचनेमागे आहे. पक्ष्यांच्या व पाण्याच्या आवाजातून वर उसळणारा, जवळजवळ गोंधळाचा वाटावा असा वाद्यसंगीताचा लोट. त्यातून आकार घेणारे गीत. मध्यभागी संथ, ध्यानमग्न खंड. आणि अखेरीस पहिल्या आशयाचे उंचावलेल्या रूपात पुनरागमन, असा तिचा प्रवास आहे. संथ खंडातील ऑर्गन वेकमनने लंडनमधील सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये वाजवला. ही रचना लहान लहान तुकड्यांत ध्वनिमुद्रित करून फीत कापून जोडलेली आहे, हे ऐकताना कळत नाही. या कामाची संथ गती ड्रमवादक बिल ब्रुफर्डला मानवली नाही व ध्वनिमुद्रणानंतर तो ‘किंग क्रिम्झन’मध्ये निघून गेला. त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला.

येथे लांबी आहे, पण प्रत्येक भागाला पुढच्या भागाची गरज आहे. रचना कोठून निघाली व कोठे पोहोचली, हे प्रथमच ऐकणाऱ्यालाही जाणवते. संगीतशास्त्रज्ञ जॉन कोवाक यांनी १९९७ मध्ये या रचनेचे तपशीलवार विश्लेषण केले. परंतु त्याची वाट न पाहताच सामान्य श्रोत्याने आपला कौल दिला होता. महत्त्वाकांक्षा आणि आटोपशीरपणा यांचा मेळ पडला की शास्त्रज्ञ आणि चाहता यांच्यात मतभेद उरत नाहीत.

वादाचे केंद्र

मतभेद सुरू होतात ते पुढच्या ध्वनिमुद्रिकेपासून. डिसेंबर १९७३ मध्ये ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ प्रसिद्ध झाली. दोन तबकड्या, चार बाजू, चारच रचना आणि एकूण सुमारे एक्याऐंशी मिनिटे. आधीच्या ध्वनिमुद्रिकेची एकूण लांबी अडतीस मिनिटांच्या आसपास होती. पंधरा महिन्यांत बँडने आपली फूटपट्टी दुपटीहून अधिक लांबवली.

तिच्या जन्माची कथा प्रसिद्ध आहे. मार्च १९७३ मध्ये ब्रुफर्डच्या विवाहसमारंभात ‘किंग क्रिम्झन’चा तालवादक जेमी म्यूर याने अँडरसनला परमहंस योगानंद यांचे ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ (१९४६) हे पुस्तक सुचवले. पुढे जपानच्या दौऱ्यात, टोकिओतील हॉटेलात अँडरसन त्या पुस्तकातील एका तळटिपेपाशी थांबला. शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराण व तंत्र असे चार वर्ग त्या टिपेत थोडक्यात सांगितले आहेत. चार वर्ग, चार बाजू. मग दौऱ्यातील हॉटेलांच्या खोल्यांतून अँडरसन आणि हाऊ यांनी आराखडा तयार केला, आणि उरलेल्या तिघांच्या वाट्याला तो भरून काढण्याचे काम आले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. चार रचनांच्या इंग्रजी शीर्षकांचा अर्थ अनुक्रमे ‘ईश्वराचे प्रकट होणारे ज्ञान’, ‘आठवणे’, ‘प्राचीन’ आणि ‘विधी’ असा होतो. योगानंदांनी तळटिपेत चार संज्ञांना जे इंग्रजी पर्याय दिले, तेच हे शब्द होत. म्हणजे अँडरसनने शास्त्रांचा नव्हे, तर त्या पर्यायांचा विस्तार केला. आपल्याकडील संस्कृतच्या कोणत्याही अध्यापकाला येथे अडखळायला होईल. श्रुती म्हणजे जे ऐकले ते. ‘प्रकट केलेले’ ही छटा ख्रिस्ती धर्मविचाराला जवळची आहे. मीमांसकांच्या मते तर वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कोणी कर्ता नाही, ईश्वरही नाही. मग ईश्वराने प्रकट करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्मृती म्हटल्यावर आपल्याला प्रथम धर्मशास्त्राचे ग्रंथ आठवतात. योगानंदांच्या टिपेत मात्र तेथे महाभारत व रामायण आहेत, ज्यांना आपली परंपरा इतिहास म्हणते. ‘तंत्र’ शब्दाच्या मुळाशी ताणणे, विणणे हा अर्थ आहे. विधी हा त्याचा एक अंश झाला. केवळ ‘पुराण’ आणि ‘प्राचीन’ यांची जोडी निर्वेध जुळते.

यावरून ही ध्वनिमुद्रिका फसवी किंवा उथळ ठरते काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. राग-तालाचा सांगाडा उचलण्याचा, भारतीय संगीताची नक्कल करण्याचा मोह बँडने टाळला आहे. त्याने केवळ एक चौकट घेतली, आणि चौकट उसनी घेणे हा कलेत गुन्हा नाही. प्रश्न चौकटीच्या प्रामाण्याचा नसून तिने रचनेला काय दिले हा आहे. आणि तेथे उत्तर संमिश्र आहे. पहिली बाजू मंत्रासारख्या एकसुरी उच्चारातून सुरू होऊन खरोखरच उमलत जाते. चौथ्या बाजूत स्क्वायरचा बेस आणि तालवाद्यांचा घनघोर संघर्ष आहे, आणि त्यानंतरची निवळ शांतता अवर्णनीय आहे. दुसऱ्या बाजूत मात्र एकच वातावरण पसरत राहते. तिसरीचा पूर्वार्ध कर्कश वाटतो. तिच्या अखेरीस हाऊची साधी गिटार येते, तेव्हा श्रोता सुटकेचा श्वास टाकतो.

विरोधी पक्षाचे नेतृत्व, विचित्र गोष्ट अशी की, बँडमधूनच आले. सामग्री एका तबकडीला जास्त व दोन तबकड्यांना कमी होती, म्हणून भर घालावी लागली, असे वेकमनचे मत आहे. हा आक्षेप केवळ रुचीचा नाही. तो माध्यमाचा आहे. कॉम्पॅक्ट डिस्क त्या काळी असती, तर कदाचित पन्नास-साठ मिनिटांची ध्वनिमुद्रिका निघाली असती आणि अर्धा वाद मिटला असता. चार शास्त्रांना चार बाजू हव्यात, बाजूला वीस मिनिटे हवीत. तळटीप आणि तबकडी यांच्या कात्रीत संगीत सापडले. (ध्वनिमुद्रणाच्या वेळी लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत रानाचा आभास व्हावा म्हणून गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याची गाय ठेवली होती, अशी आठवण सांगितली जाते. विरोधकांना हा पुरावा पुरेसा वाटतो.)

ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच नोव्हेंबर १९७३ मध्ये ब्रिटनचा दौरा सुरू झाला, आणि श्रोत्यांना हे संपूर्ण अपरिचित संगीत सलग ऐकावे लागले. मँचेस्टरच्या कार्यक्रमात वेकमनने रंगमंचावरच करी मागवून खाल्ली, हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगतो. भारतीय शास्त्रांवरील रचना चालू असताना वाद्यामागे बसून भारतीय पदार्थ खाणारा वादक, याहून बोलके समीक्षण क्वचितच कोणी लिहिले असेल. १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. तरीही ब्रिटनमध्ये ही ध्वनिमुद्रिका विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. अवघ्या तीन वर्षांत पंक रॉकची लाट आली आणि ज्या अतिरेकाविरुद्ध ती उठली, त्याचे उदाहरण म्हणून हिचेच नाव घेतले जाऊ लागले.

वाईटपणाचे दोन प्रकार

चाहत्यांच्या ‘सर्वांत वाईट’ यादीत दुसरीही काही नावे नेहमी आढळतात, आणि येथे फरक करणे आवश्यक आहे. १९८९ पर्यंत बँडचे दोन तट पडले होते. अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाऊ हे स्वतःच्या नावांनी वेगळी ध्वनिमुद्रिका काढून बसले होते. दुसरा तट स्क्वायरचा. दोघांचे साहित्य एकत्र करून १९९१ मध्ये ‘युनियन’ प्रसिद्ध झाली. निर्मात्याने अनेक ठिकाणी बाहेरच्या वादकांकडून वाजवून घेतले, त्यामुळे आपलेच वादन आपल्याला सापडेना, अशी वादकांची तक्रार होती. वेकमनने तिचे नाव बदलून ‘अनियन’ केले. कांद्याप्रमाणे तीही रडवते म्हणून.

‘युनियन’चा कैवार घेणारा चाहता शोधावा लागतो. ‘टेल्स’चा कैवार घेणारे मात्र तिच्यासाठी भांडतात. आवाक्याबाहेरचे काही करू पाहून कोसळणे आणि करण्यासारखे काही नसताना केवळ नावाखाली काहीतरी उभे करणे, हे दोन निरनिराळे दोष आहेत. यादीत मात्र ते शेजारी-शेजारी बसतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हे दोन विद्यार्थी माहीत आहेत, आणि दोघांनाही सारखेच गुण देताना पेन थबकल्याचा अनुभवही असेल.

बँड कोणाचा?

वादाचा तिसरा पदर गुणवत्तेचा नाहीच; तो ओळखीचा आहे. १९८० मध्ये अँडरसन व वेकमन दोघेही बाहेर पडले आणि ‘बगल्स’ या पॉप जोडीतील ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स आत आले. त्यांच्यासह निघालेली ‘ड्रामा’ अनेकांनी तेव्हा ऐकण्यापूर्वीच नाकारली. अँडरसनच्या उंच स्वराविना ‘येस’ कसा? आज तीच ध्वनिमुद्रिका अनेकांना बँडच्या चांगल्या कृतींपैकी वाटते. १९८३ च्या ‘९०१२५’मध्ये अँडरसनचा स्वर परतला, पण हाऊच्या जागी ट्रेव्हर राबिन होता आणि संगीताचा तोंडवळा पार बदलला होता. तिच्यातील गाणे जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. बँडच्या इतिहासात असे एकदाच घडले. १९७२ पासूनच्या श्रोत्याला हा विश्वासघात वाटला, तर १९८३ मध्ये प्रथम ‘येस’ ऐकणाऱ्याला हाच ‘येस’ होता.

जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस यांनी साहित्याच्या ग्रहणाविषयी मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही कल्पना येथे उपयोगी पडते. श्रोता ज्या दाराने आत आला, त्या दारातून त्याला पुढील-मागील सर्व दालने दिसतात. तत्त्वज्ञ बिल मार्टिन यांनी ‘म्युझिक ऑफ येस’ (१९९६) या ग्रंथात ‘द येस अल्बम’पासून ‘गोइंग फॉर द वन’ (१९७७) पर्यंतच्या कृतींना बँडचा गाभा मानले आहे. ही सीमा सुसंगत आहे. पण तीही एका विशिष्ट दारातूनच दिसते. या गाभ्याबाहेरचे सारे ऱ्हास समजले, तर ‘ड्रामा’चे चांगलेपण सांगण्यासाठी भाषाच उरत नाही.

शिवाय ज्या कृतीविषयी भांडायचे, तीही स्थिर राहिलेली नाही. २००३ च्या पुनर्मुद्रणात ‘टेल्स’च्या पहिल्या रचनेला पूर्वी गाळलेला सुमारे दोन मिनिटांचा आरंभ जोडण्यात आला. २०१६ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी मूळ फितींवरून तिचे नव्याने मिश्रण केले, आणि पूर्वी धूसर वाटणारे अनेक तपशील स्पष्ट ऐकू येऊ लागले. स्क्वायर हा १९६९ पासून स्वतःच्या निधनापर्यंत निघालेल्या प्रत्येक ‘येस’ ध्वनिमुद्रिकेवर असलेला एकमेव वादक. त्याचे जून २०१५ मध्ये निधन झाले होते. त्याच्याविना २०१६ मध्ये निघालेल्या अमेरिकेच्या दौऱ्यात बँडने दोन वादग्रस्त ध्वनिमुद्रिका मुद्दाम एकत्र आणल्या. ‘ड्रामा’ संपूर्ण सादर झाली. ‘टेल्स’च्या पहिल्या व चौथ्या बाजू पूर्ण वाजवल्या गेल्या. पुढे तिसरीच्या अखेरचा गिटारचा भागही त्यांत आला. वगळली गेली ती केवळ दुसरी बाजू, स्मृतीची.